काकांचे दोन झेंडे

शनिवार, सप्टेंबर २०१५ चा शेवटचा आठवडा. दुपारचे साडेचार. सेम्बावांगचं मैदान. हवेत धूर, पण खेळता येईल इतपत.

हजर: खेळाडू तेरा, हवे होते पंधरा. कोच. पाणी पोचवणारे दोघे. प्रेक्षक सहा. उत्तरेकडच्या गोलखांबांशी काका, दोन झेंड्यांसह. टेबलापाशी मी.

गैरहजर: आदल्या वर्षी कप जिंकलेल्या संघातले अकरा जण. पर्थला तीन, दुबईला दोन, लंडनला एक, बाकीचे कंपनीने पाठवलं तिकडे.

ही नोंद माझ्या त्या वर्षीच्या वहीतली आहे. मला याद्या करायची सवय आहे. नवरा त्याला रोग म्हणतो, पण पासपोर्ट कुठे आहेत ते मलाच विचारतो. या सवयीपायीच मी सिंगापुरातल्या एका ऑस्ट्रेलियन फुटबॉल क्लबची सेक्रेटरी झाले. ऑफिसातला माझा बॉस ऑस्ट्रेलियन, आणि तोच त्या क्लबचा कोच. त्याने एकदा विचारलं, आमच्या खेळाडूंची यादी जरा नीट करून देशील का? मी करून दिली. पुढची चार वर्षं दर शनिवारी मी चोआ चू कांगहून सेम्बावांगला जात होते. पुण्यातल्या माझ्या बहिणीला अजून वाटतं की मी तिथे फुटबॉल खेळत होते.

हा खेळ थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. बॉल गोल नसतो, मोठ्या पपईसारखा लांबट असतो. तो हातात धरून पळता येतं, पण गोल करायचा तर लाथेनेच. मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब उभे असतात. मधल्या दोन खांबांमधून बॉल गेला तर गोल, त्याचे सहा गुण. बाजूच्या फटीतून गेला, किंवा जाताना खांबाला नुसता चाटून गेला, तर एकच गुण. हे ठरवणारा माणूस खांबांमागे उभा असतो. गोल असेल तर तो दोन पांढरे झेंडे हलवतो, एक गुण असेल तर एक झेंडा. आमच्या हौशी लीगमध्ये रिवाज असा की प्रत्येक क्लबाने आपला एक झेंडेवाला द्यायचा. एका टोकाला यांचा, दुसऱ्या टोकाला त्यांचा. म्हणजे निम्मा सामना तुमच्याच माणसाने तुम्हाला गुण द्यायचे, नाहीतर नाकारायचे.

आमचा माणूस म्हणजे काका.

ते मिळाले २०१३ साली. मी मैदानाच्या कडेला उभी राहून नवऱ्याला फोनवर सांगत होते, "कुकरच्या तीन शिट्ट्या. पाच नाही. तीन." फोन ठेवला तर मागून आवाज आला.

"शिट्ट्यांचं झालं असेल तर एक सांगू का, बाई? तुमचा झेंडेवाला चुकतोय."

मागे साठीतले एक गृहस्थ उभे. बारीक अंगाचे, इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला पेनाऐवजी छोटी टॉर्च, पायात शिपयार्डमधले जाडजूड सेफ्टी बूट. समोरच्या ब्लॉकमध्ये राहायचे आणि संध्याकाळी फिरायला निघायचे.

"तुम्हाला हा खेळ कळतो?" मी विचारलं.

"खेळ नाही कळत. पण तीन शनिवार बघतोय. आज दोनदा बॉल खांबाला लागून गेला आणि त्याने दोन-दोन झेंडे हलवले."

"इतक्या लांबून दिसलं तुम्हाला?"

"मला दुसरं काही येतच नाही," ते म्हणाले. "दिसतं तेवढं."

आमचा तेव्हाचा झेंडेवाला म्हणजे एका खेळाडूचा रूममेट. एका हातात झेंडे, एका हातात मोबाइल. पुढच्या शनिवारी झेंडे काकांच्या हातात होते.

आयुष्यभर त्यांनी एकच काम केलं होतं. आधी मुंबईत सरकारी गोदीत, मग वीसेक वर्षं सेम्बावांगच्या शिपयार्डमध्ये, जहाजांच्या पत्र्यांचे जोड तपासायचे. त्याची रीत त्यांनी मला पहिल्याच महिन्यात समजावली. जोडावर लाल पातळ रंग लावायचा, थांबायचं, पुसून टाकायचा आणि वर पांढरी पूड फवारायची. डोळ्यांना न दिसणारी भेग असली तर तिच्यात मुरलेला रंग वर येतो आणि पांढऱ्यावर लाल रेघ उमटते.

"भेग कधी लपत नाही," ते म्हणत. "आपल्यालाच घाई असते."

दुसरं एक वाक्य त्यांच्या तोंडी कायम असायचं: "दिसलं ते सांगायचं. वाटलं ते घरी ठेवायचं." खेळाडू हुज्जत घालायला यायचे तेव्हा हेच ते इंग्रजीत म्हणायचे, "आय टेल व्हॉट आय सी. व्हॉट आय थिंक, आय लीव्ह ॲट होम." काही महिन्यांनी आमच्या पोरांनी त्या वाक्याचे टी-शर्ट छापून घेतले. काकांना एक दिला तेव्हा त्यांनी टी-शर्ट उलटा करून आधी शिवण तपासली.

सगळा क्लब त्यांना काकाच म्हणायचा. मी म्हणायचे म्हणून ते म्हणायला लागले. सहा-सहा फुटी ऑस्ट्रेलियन मुलं "काका, मेट!" अशी हाक मारायची. ते त्यांचं आडनाव असावं असं कोचला दोन वर्षं वाटत होतं. आणि काका मला म्हणायचे यादीबाई.

झेंडे काकूंनी शिवले होते, जाड मांजरपाटाचे. काका ते स्वतः धुवायचे, निळीतून काढायचे, इस्त्री करायचे आणि वर्तमानपत्रात गुंडाळून न्यायचे. दुसऱ्या क्लबाच्या मैदानावर जायचं असेल तेव्हा एमआरटीतून, म्हणजे तिथल्या मेट्रोतून, जाताना काठ्या उभ्या धरून बसायचे. एकदा आम्ही स्टेशनाबाहेर कॉफी प्यायला थांबलो. कॉफीवाल्या चिनी आँटीने झेंड्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "अंकल, सरेंडर ऑलरेडी आह?"

"नॉट येट लाह," काका म्हणाले. "हाफ टाइम ओन्ली."

खांबांचं त्यांचं शास्त्र वेगळंच होतं. आमचे खांब प्लास्टिकच्या जाड नळ्यांचे, सामन्याआधी उभारायचे आणि नंतर काढून ठेवायचे. काका एक तास आधी यायचे आणि आपल्या टोकाच्या मधल्या दोन खांबांना आतून एक लेप द्यायचे. खडूची पूड, डिंकाचं पाणी आणि चिमूटभर नीळ. बॉल खांबाला नुसता चाटला तरी लेप बॉलवर उतरायचा. मग वाद नाही.

"नीळ कशाला?" मी विचारलं होतं.

"मैदानावरच्या रेघा कसल्या आहेत? पांढऱ्या. बॉलला पांढरं कुठूनही लागेल. माझं निळसर आहे. ते फक्त माझ्या खांबावरून येणार."

"पण लीगला चालेल का हे?"

"तू अर्ज कर. योग्य मार्गाने."

हा त्यांचा तिसरा मंत्र. सरकारी गोदीत अंगी भिनलेला. तिथे कुठलाही कागद आपल्या वरच्या माणसाला वगळून पुढे जात नसे. क्लबात त्यांच्या वर मी होते. त्यामुळे काकांना काहीही हवं असलं की ते माझ्यासमोर दोन फुटांवर उभे राहून मला चिठ्ठी द्यायचे. "सेक्रेटरी यांस. विनंती की उत्तरेकडील खांबांमागे पाण्याची एक बाटली ठेवण्यात यावी." खाली सही आणि तारीख. मी बाटली हातात दिली तर घ्यायचे नाहीत. आधी चिठ्ठीवर "मंजूर" लिहायला लावायचे. त्या सगळ्या चिठ्ठ्या माझ्याकडे आहेत, तारखेप्रमाणे लावलेल्या.

लेपाची परवानगी मात्र लीगने दिली. दर वेळी बॉल खांबाला लागला की काका फडक्याने तो पुसून मगच आत टाकायचे. दुसऱ्या टोकाच्या खांबांना ते कधी हात लावायचे नाहीत. तिथला पंच तिथला मालक, असं त्यांचं म्हणणं.

काकूंना या प्रकरणाचं काही विशेष वाटत नसे. "आयुष्यभर जहाजांच्या भेगा बघितल्या, आता काठ्या बघतात," त्या म्हणायच्या. "घरी पण हेच. आमटीत मीठ जास्त झालंय का, ते दोनदा, तीनदा चाखून खात्री करतात आणि मग सांगतात. तोवर आमटी संपलेली असते." पण दर शनिवारी दोन लिटर कोकम सरबत त्याच करून द्यायच्या. आमची मुलं त्याला "पर्पल स्टफ" म्हणायची आणि बिअरच्या आधी ते संपवायची.

२०१४ साली आम्ही कप जिंकला. अंतिम सामन्याच्या शेवटच्या भागात वीज-इशाऱ्याचा भोंगा झाला. सिंगापुरात हा भोंगा वाजला की खेळ कितीही रंगात असो, मैदान रिकामं करावं लागतं. अर्धा तास आम्ही शेडखाली उभे. पाऊस पडून गेला. काकांच्या लेपाचं पाणी झालं होतं. त्यांनी डबा काढला, खांब पुसून कोरडे केले आणि पुन्हा लेप दिला. भिजलेला बॉल बाजूला ठेवून नवा काढला गेला. ही नव्या बॉलची गोष्ट लक्षात ठेवा. मी तेव्हा वहीत लिहिली होती, कारण बॉल किती उरले ते मला लिहावंच लागतं.

शेवटचं मिनिट चालू असताना आम्ही तीन गुणांनी मागे होतो. पर्थचा आमचा एक पंचविशीतला उंच मुलगा, त्याने काकांच्या टोकाला दोन जणांच्या अंगावरून लाथ मारली. बॉल खांबाच्या अगदी लगत गेला. खांबांसमोर पाच-सहा जणांचा ढीग झाला होता. काका त्या ढिगाच्या मागून बाजूला आले. क्षणभर थांबले. मग दोन झेंडे हलले.

तीन गुणांनी जिंकलो. त्या मुलांनी काकांना खांद्यावर घेतलं. त्यांनाही पदक मिळालं. ते त्यांनी टॉर्चच्या उजेडात दोन्ही बाजूंनी बघितलं आणि शर्टाच्या आत घातलं. बॉलवर सगळ्यांनी सह्या केल्या, मी तो प्लास्टिकच्या पिशवीत घातला, वर तारीख चिकटवली आणि घरी नेऊन कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला.

पुढच्या वर्षी सगळंच फिस्कटलं. तेलाचे भाव उतरले तशा जहाजांच्या आणि तेलाच्या कंपन्या माणसं हलवू लागल्या. आमचे निम्मे खेळाडू त्याच कंपन्यांत. दर महिन्याला कुणाची तरी निरोपाची पार्टी. माझ्या यादीत नावापुढे टिकमार्क असायचा तिथे बाण यायला लागले, पर्थ, दुबई, पुन्हा पर्थ. पर्थचा तो उंच मुलगाही गेला. जाताना पदक गळ्यात घालून विमानतळावर फोटो काढून गेला. नवीन आले ते उत्साही होते, पण त्यांच्यातल्या दोघांना बॉल पपईसारखा का उसळतो हेच समजत नव्हतं. पहिले चार सामने आम्ही हरलो. मग एक जिंकलो, मग परत दोन हरलो. कप जिंकलेला संघ असा हरायला लागला की समोरचे जरा जास्तच हसतात.

कोचचा गळा दर शनिवारी थोडा जास्त लाल व्हायचा. एकदा सामन्यानंतर तो काकांकडे गेला. मी पाण्याच्या बाटल्या मोजत होते.

"काका, मेट," तो म्हणाला, "बाकीचे क्लब काय करतात माहीत आहे ना? बॉल साठ-चाळीस असा शंकेचा असेल तर आपल्या बाजूने देतात. मी ऐंशी-वीस मागत नाहीये."

काकांनी विचार केला. "मी साठ-चाळीस बॉल अजून पाहिलेला नाही," ते म्हणाले. "दिसला की नक्की सांगतो."

कोचने माझ्याकडे बघितलं. मी बाटल्या पहिल्यापासून मोजायला घेतल्या.

जून महिन्यात क्लबाने ठरवलं की जिंकलेल्या बॉलसाठी एक काचेची पेटी करायची. सगळे हिरमुसलेले होते, निदान काहीतरी बघायला राहील. पेटी काका करणार होते, सागवानी, कोपरे सांध्याने जुळवलेले, खिळा नाही. मापासाठी बॉल हवा म्हणून एका रविवारी लिटिल इंडियातलं सामान घेऊन घरी जाताना वाट वाकडी करून मी तो त्यांच्याकडे नेला.

काकू चहा टाकत होत्या. काकांनी पिशवीतून बॉल काढला, मापपट्टी लावली आणि थांबले. खिशातली टॉर्च काढली. पंखा बंद केला. बॉल खिडकीशी नेला, परत आणला. चहा गार झाला. काकू मला खुणेनेच म्हणाल्या, चालायचंच.

"यादीबाई," शेवटी ते म्हणाले, "इकडे ये. मला सांगू नकोस काय वाटतं. दिसतं काय ते सांग."

सह्यांच्या मधून, शिवणीला लागून, दोन बोटं लांबीची एक रेघ होती. डिंकामुळे चामड्यात बसलेली. निळसर.

"रेघ दिसते," मी म्हणाले.

"कोणत्या रंगाची?"

मग मला सुचेल ते मी बोलायला लागले. आधी कधीतरी लागला असेल, मी म्हटलं. "नवा बॉल होता. पावसानंतरचा. तूच लिहिलं असशील." दुसऱ्या टोकाला लागला असेल. "तिकडे माझा लेप नसतो." तुमच्या हाताला लागलेला असेल, हातातून बॉलला. "मी हात धुऊन, पुसून उभा राहतो. तू बघितलंयस." बॉल पावसानंतर काकांच्या टोकाला एकदाच आला होता. वहीत तसंच होतं.

"म्हणजे तो एक गुण होता," ते म्हणाले. "आपण दोन गुणांनी हरलो होतो."

स्वयंपाकघरात काकूंनी गॅस बंद केला.

"मला त्या ढिगातून दिसलं नाही," काका म्हणाले. "सगळे ओरडले. मला वाटलं गोल आहे, बॉल उचलून बघितलाच नाही. इतक्या वर्षांत एकदा मी वाटलेलं सांगितलं."

मी म्हटलं, काका, कुणी विचारत नाहीये. ते म्हणाले, जहाजही विचारत नाही. मी म्हटलं, त्या मुलाचा तो शेवटचा सामना होता, आयुष्यभर तो हे सांगणार आहे. त्याच्या आईने पदक भिंतीवर लावलंय, त्याने फोटो पाठवला होता.

"समोरच्या पंधरा जणांना आया नव्हत्या?" काकांनी विचारलं.

त्याच आठवड्यात त्यांनी लीगला पत्र लिहिलं. हाताने, इंग्रजीत, तीन परिच्छेद. काय घडलं, रेघ कुठे आहे, चूक पूर्णपणे माझी, खेळाडूंची नाही, योग्य तो निर्णय घ्यावा. वरच्या डाव्या कोपऱ्यात लिहिलं होतं: "सेक्रेटरींमार्फत." मला दिलं, टाइप करून पाठवण्यासाठी.

"तुम्हीच पाठवा ना थेट," मी म्हणाले. "पत्ता देते."

"थेट कसं? क्लबाचा विषय आहे. तुझ्यामार्फतच जायला हवं." आणि मग, जरा थांबून, "तुला पटलं तर सही कर. मी तुझ्या डोक्यावरून जाणार नाही."

मी त्यांना म्हटलं, सीझन संपू दे. मुलं आधीच खचली आहेत. अर्ध्यातच हे कळलं तर उरलेलीही यायची नाहीत. हे खरं होतं. त्यांनी विचार केला आणि मान हलवली. "ठीक. पण यादीत घे. माझ्यासमोर घे." मी वही काढली आणि लिहिलं: लीगला पत्र.

झेंड्यांचा राजीनामाही त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिला. मी त्यावर "नामंजूर, दुसरं कोणी नाही" असं लिहून परत केला. त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला. त्यानंतर मात्र ते वेगळे उभे राहू लागले. आधी सरळ उभे असायचे, आता गुडघ्यांत वाकून, डोळे खांबाच्या रेषेत. दर रविवारी काकू त्यांच्या गुडघ्यांना तेल चोळायच्या आणि मला फोन करून तुमच्या क्लबाचा उद्धार करायच्या.

आता सप्टेंबरचा तो शनिवार. शेवटचा साखळी सामना. उशिरा का होईना, आम्ही दोन-तीन सामने जिंकलो होतो. हा जिंकला तर बाद फेरीत चौथा क्रमांक, हरला तर घरी. इंडोनेशियातल्या जळत्या रानांचा धूर आठवडाभर शहरावर होता. दुपारी हवा जराशी सुधारली म्हणून खेळायचं ठरलं. मी मास्क नेले होते, तीस. कुणी लावले नाहीत.

शेवटच्या दोन मिनिटांत आम्ही पाच गुणांनी मागे. तेरा जणांनी पंधरा जणांना इथवर गाठलं होतं, सगळे धापा टाकत होते. नव्यांपैकी एक, ज्याला सुरुवातीला बॉल धरता येत नव्हता तोच, त्याने चाळीस मीटरवरून लाथ मारली. टेबलापासून मला बॉल सरळ मधोमध जाताना दिसला. आमचे सगळे हात वर. कोच पळत सुटला. धुरात काका वाकलेले होते, आता सरळ झाले. ते उजव्या खांबाकडे गेले. टॉर्च लावून बघितलं. मागे पडलेला बॉल उचलला, फिरवून बघितला. मग जागेवर परत आले, एक झेंडा खाली ठेवला आणि एक हलवला.

चार गुणांनी हरलो.

कोच त्यांच्यापर्यंत पोचला तेव्हा मीही पोचले होते. तो ओरडत होता, तुम्ही कोणाच्या बाजूचे आहात, या धुरात तुम्हाला काय दिसलं, सांगा मला, काय दिसलं? काकांनी बॉल त्याच्या हातात दिला. फडक्याने पुसला नव्हता. बॉलच्या टोकाशी नखाएवढा निळसर डाग होता. खांबावर बोटभर लेप उतरलेला होता.

कोचने तो बॉल बराच वेळ हातात धरला. समोरच्या संघाचा कप्तान, तोही तिथे आला होता. टोपी काढून उभा राहिला.

ज्या मुलाने लाथ मारली होती तो काकांसमोर येऊन रडायला लागला. काका त्याला म्हणाले, "गुड किक. व्हेरी गुड किक. ओन्ली धिस मच." आणि बोटांच्या चिमटीत केसाएवढं अंतर धरून दाखवलं. मग त्याला कोकम सरबत दिलं.

परतीच्या वाटेवर ब्लॉकखाली आम्ही दोघं थांबलो. वर्तमानपत्रात गुंडाळलेले झेंडे त्यांच्या काखेत होते.

"सीझन संपला," काका म्हणाले.

"हो."

"आज मला बघायचं होतं, मला येतं की नाही अजून." ते थोडे हसले. "येतं. आता ते पत्र."

मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात.

पुढच्या आठवड्यात आमच्या ऑफिसात ऑडिट होतं. मग दिवाळी. मग लीगचा सेक्रेटरी बदलला, नवा माणूस स्थिरावू दे म्हटलं. मग कोच मेलबर्नला परत गेला. जाण्याआधी तो काकांकडे जेवायला गेला, दोन थालीपीठं खाल्ली आणि माफी न मागता विचारलं, मी तिथे लहान मुलांचा संघ घेतोय, तुमच्या लेपाचं प्रमाण सांगाल का? काकांनी ते लिहून दिलं. आता मेलबर्नच्या कुठल्याशा उपनगरात खांबांना निळसर खडू लागतो.

हे मी ऑडिट आणि दिवाळीवर ढकलते आहे, ते खरं नाही. माझ्या यादीतलं काम आठवड्याच्या वर राहत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. हे राहिलं, कारण कप जिंकला त्या संध्याकाळी मुलांच्या खांद्यावर काका होते आणि मी आयुष्यात पहिल्यांदा वही खाली ठेवून टाळ्या वाजवल्या होत्या. ती संध्याकाळ माझ्याच सहीने खोडायची आहे. पर्थचा तो मुलगा दर वर्षी त्या दिवशी ग्रुपवर फोटो टाकतो. मी अंगठा दाखवते.

२०१८ मध्ये काका-काकू नाशिकला परत गेले. पेटी त्यांनी माझ्याकडे दिली. कोपरे इतके जुळलेले की नख जात नाही. आत एक चिठ्ठी: "सेक्रेटरी यांस. पेटी पूर्ण केली आहे. बॉल आत ठेवावा की नाही, हे लीगचं उत्तर आल्यावर ठरवावं." खाली सही, तारीख. पदकही त्यांनी पाकिटात घालून माझ्याकडे दिलं होतं, त्याच शेऱ्यासह.

पाच वर्षांत त्यांना हे पत्र पोस्टात टाकायला कितीसा वेळ लागला असता? पत्ता त्यांना माहीत आहे. त्यांनी टाकलं नाही. महिन्यातून एकदा फोन करतात, गुडघ्यांबद्दल सांगतात, नाशिकच्या हवेबद्दल सांगतात, फोन ठेवायच्या आधी विचारतात.

"यादीत आहे ना?"

"आहे, काका."

"कितव्या नंबरवर?"

"तिसऱ्या."

"मागच्या वेळी दुसऱ्यावर होतं," ते म्हणतात, रागावत नाहीत, फक्त दिसलं ते सांगतात. मागून काकूंचा आवाज येतो, "अहो, छळू नका तिला."

आज रविवार. यादीतली बाकीची सगळी कामं झाली आहेत. काल रात्री पत्र टाइप केलं, त्यांच्याच शब्दांत, तीन परिच्छेद. बॉलवरच्या रेघेचा फोटो जोडला आहे. लीगच्या सेक्रेटरीचा पत्ता भरला आहे. रिकामी पेटी समोर टेबलावर आहे, बॉल तिच्या शेजारी, अजून पिशवीतच.

खाली माझं नाव लिहायचं आहे आणि पाठवायचं आहे.